सीटमागची चार भोकं

गाडी आली ती ट्रकच्या पाठीवर, दोरखंडांनी करकचून बांधलेली, शनिवारी ऐन जेवणाच्या वेळेला. मिस्त्री तेव्हा एका बेकरीवाल्याच्या व्हॅनखाली उताणा पडून सायलेन्सर सोडवत होता. त्याला आधी ट्रकची चाकं दिसली, मग एका बाईच्या सपाट चपला. त्या चपला चालत आल्या आणि त्याच्या डोक्याशी थांबल्या.

"मिस्त्री तुम्हीच ना?"

"सध्या तरी मीच."

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते," बाई म्हणाली आणि थबकली. आपण भलतंच टोक धरून बोलायला लागलो हे तिच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, ते जाऊ द्या. माझे वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. त्यांनी ही गाडी तुमच्याकडे पोचवायला सांगितली होती. ते... तुमचेही वडीलच."

मिस्त्री लगेच बाहेर आला नाही. एक बोल्ट राहिला होता, तो त्याने काढला. सायलेन्सर सुटून छातीवर आला, तो धरून तो थोडा वेळ तसाच पडून राहिला. काम अर्धवट टाकून उठायची आपल्याला सवय नाही, एवढंच त्याने नंतर बायकोला सांगितलं.

तो बाहेर आला तेव्हा ट्रकवाल्याने ताडपत्री निम्मी ओढली होती. खाली एक बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची ब्रिटिश गाडी होती. दोनच सीटांची. रंग कधीकाळी हिरवा असावा. आता त्याचे पोपडे निघाले होते आणि पोपड्यांखाली गंज होता. तारांच्या चाकांतली हवा कधीच गेलेली. दारांना बाहेरून मूठ नव्हती. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडायचं. मिस्त्रीने कोणालाही न विचारता आत हात घातला आणि दोरी ओढली. दार उघडलं.

वरच्या मजल्यावर गॅलरीत मिस्त्रीची आई उशांचे अभ्रे वाळत घालत होती. सत्याहत्तर वर्षांची म्हातारी, सुईत दोरा ओवताना कुरकुरायची, पण लांबचं तिला सगळं दिसायचं. तिने खाली पाहिलं. हातातला अभ्रा झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग कठड्यावरून वाकून विचारलं, "काय रे, भरली का हवा?"

चष्मेवालीला काही कळलं नाही. मिस्त्रीला कळलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, त्याचे वडील, अण्णा, "टायरमध्ये हवा भरून येतो" म्हणून हीच गाडी घेऊन बाहेर पडले होते. ते परत आलेच नाहीत.

गोष्ट साधी होती आणि सगळ्या गल्लीला पाठ होती. अण्णा कारखान्यात फिटर होते. कोणा साहेबाने टाकून दिलेली मोडकी गाडी त्यांनी घरी ओढून आणली आणि तीन वर्षं सुट्टी म्हणून घेतली नाही, तिच्यावरच राबले. आईने तिच्या सीटा शिवल्या, टपाचं कापड शिवलं, गालिचा कापून बसवला. एका रविवारी गाडी रस्त्यावर आली. अण्णांनी नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून गल्लीतून एक फेरी मारली. दारात हात पुसत उभ्या असलेल्या आईला म्हणाले, "तुझा नंबर उद्या."

उद्या उजाडला तो असा. त्याच दिवशी कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करणारी बाईही दिसेनाशी झाली. पुढे कळलं, की दोघांनी चार तासांच्या वाटेवरच्या एका गावात संसार थाटलाय. गाडीत सीटा दोनच होत्या, हे गल्लीतल्या लोकांनी पुढे कितीतरी वर्षं एकमेकांना डोळे मिचकावून सांगितलं. आईने शिवणयंत्र आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं, शाळेचे गणवेश आणि पडदे शिवले, पोरगा वाढवला. पोरगा पंधराव्या वर्षी गॅरेजात लागला आणि आज त्रेपन्नाव्या वर्षी त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, वर राहायला घर होतं. घरात अण्णांचं नाव निघत नसे. मनाई होती असं नाही. कोणाला गरजच पडली नव्हती.

"काय करणार गाडीचं?" चष्मेवालीने विचारलं. तिच्या हातात पान्यांची एक जड पत्र्याची पेटी होती. तीही त्याला द्यायची होती, पण तिच्या हातून ती सुटत नव्हती.

"तोडणार."

"तोडणार म्हणजे?"

"सुटी करणार. चाकं कोणाला हवी असतात, कार्बोरेटर कोणाला हवे असतात. उरेल ते भंगारात."

तिने मान हलवली. चाळिशीची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. तिची हनुवटी आपल्या हनुवटीसारखीच आहे हे मिस्त्रीला दिसलं आणि त्याने नजर वळवली.

"तुमची आहे आता," ती म्हणाली. पेटी तिने जमिनीवर ठेवली, जाताना गाडीच्या नाकावरून एकदा हात फिरवला आणि ट्रकवाल्याच्या शेजारी चढून बसली.

मिस्त्रीने तिथल्या तिथे हातोडा उचललेला पाहून बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, निदान जेवून तरी तोडा."

दुसऱ्या दिवशी रविवार, गॅरेज बंद. त्याने शटर अर्धं वर केलं आणि कामाला लागला. पहिल्याच नटाशी अडलं. त्याचे सगळे पाने मिलिमीटरचे, आणि ही गाडी इंचाची. एक पाना सैल, दुसरा शिरतच नाही. दोनदा बोटं सोलवटून घेतल्यावर तो निमूटपणे अण्णांच्या पेटीशी गेला. पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून, मापाप्रमाणे ओळीने लावलेले. पहिलाच पाना नटावर टचकन बसला.

"कसा बसला!" आई म्हणाली. ती स्टूल घेऊन शटरखालून वाकून कधी आत आली होती ते त्याला कळलं नव्हतं.

"तू कशाला आलीस?"

"बघायला. टीव्हीवर काही चांगलं नाही."

मग ती रोज यायला लागली. दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झाली, की मिस्त्री तासभर गाडीला द्यायचा आणि आई स्टुलावर बसून पाहायची. त्याने पुढचे दिवे काढले, मडगार्ड सोडवले, इंजिन साखळीने उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. तोडायचं म्हणून काढत होता, पण हाताला पडलेलं वळण सुटेना: प्रत्येक नट परत आपल्या बोल्टवर फिरवून ठेवायचा, वायरींना चिठ्ठ्या बांधायचा. बायको म्हणाली, "भंगारवाल्यासाठी इतकं नीट?" तो पुढच्या वायरीला चिठ्ठी बांधायला वळला.

अण्णांचं काम त्याला जागोजागी भेटत होतं. गिअरच्या दांड्याखाली त्याला घट्ट धरणारा, कड्यासारखा एक पितळी बुश होता, कंपनीचा नव्हे, लेथवर बनवलेला. बाजारात मिळाला नसेल म्हणून माणसाने स्वतः कातला होता, आणि तो इतका चोख होता, की मिस्त्रीने दोनदा पुसून पाहिला. त्याला राग आला. आपल्या बापाला काही येत नव्हतं असं निघालं असतं तर सोपं गेलं असतं.

सीटा बाहेर काढल्या तेव्हा वरचं करडं रेक्झिन त्याने ओरबाडून काढलं. खाली लाल रेक्झिन निघालं, भेगाळलेलं, तरी शिवण शाबूत. आई उठली. जवळ येऊन तिने शिवणीवरून अंगठा फिरवला.

"दुहेरी टीप आहे," ती म्हणाली. "तेव्हा मशीनची सुई तीनदा मोडली होती." थोड्या वेळाने म्हणाली, "बसली नाही मी कधी हिच्यावर. ती बसली. चांगली टिकली म्हणायची."

ती दुसऱ्या बाईबद्दल बोलत होती की शिवणीबद्दल, हे मिस्त्रीने विचारलं नाही.

मग तो दिवस आला. गाडीतला कुजका गालिचा मिस्त्री उचकटत होता. सीटांच्या मागे, बॅटरीच्या झाकणापुढे, एक अरुंद कट्टा असतो. एखादी पिशवी राहील एवढा. तिथला गालिचा उचलल्यावर पत्र्यात चार भोकं दिसली. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, नीट आखून पाडलेली. ही भोकं कारखान्यातून आलेली नव्हती. डिकीतून काढून त्याने लाकडी पट्ट्यांचा एक सांगाडा कोपऱ्यात फेकला होता. तो त्याने आणून ठेवला. खाली लोखंडी पट्टीचे चार पाय, चार पायांना चार छिद्रं. ती भोकांवर तंतोतंत बसली. मागे टेकायला फळी, बाजूला कमरेचा पट्टा. ती सीट होती. लहान मुलाची.

मिस्त्री जमिनीवर बसला. भिंतीला टेकून तो त्या सीटकडे बघत राहिला, त्याच्या चहावर साय धरेपर्यंत.

"आई," तो अखेर म्हणाला, "हे बघ. तिसरी सीट केली होती त्याने."

आईने सीट पाहिली. मग गालिच्याचा तुकडा उचलून मांडीवर घेतला आणि त्यातल्या भोकांच्या कडा चाचपल्या. बराच वेळ चाचपत होती.

"नऊ वर्षांचा पोरगा मावला असता," मिस्त्री म्हणाला. "गुडघे जरा मुडपले असते. पण मावला असता. अण्णांना मला न्यायचं होतं, आई. तिनेच नको म्हटलं असणार. नाहीतर गाडीला भोकं कोण पाडतं?"

"असेल," आई म्हणाली.

"असेल काय? डोळ्यांनी दिसतंय ना!"

"असेल रे बाबा. भोकं पाडताना मी काय बॅटरी धरून उभी होते?" तिने तुकडा घडी घालून बाजूला ठेवला. "गुडघे दुखतात माझे. वर जाते."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बायकोला सांगितलं, की गाडी तोडायची नाही, उभी करायची.

सात महिने लागले. सापळा खरवडून त्याने नागडा केला, गंजाने खाल्लेला पत्रा कापून नवा जोडला. तळाच्या लाकडी फळ्या सुताराकडून नव्या करून घेतल्या. इंजिनाचं हेड उघडलं, पिस्टन धुतले, दोन्ही कार्बोरेटर पार सुटे करून रॉकेलमध्ये बुडवले. ते दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढायला लागेपर्यंत त्याने नळी कानाला लावून किती दुपारी घालवल्या याचा हिशेब नाही. आणि काम करता करता तो बोलायचा. "अण्णा वायसर कधी जुना वापरत नसत." "हे अण्णांचं डोकं, बघ." बेकरीवाल्यालाही त्याने एकदा सांगितलं, "वडिलांची गाडी. मला न्यायचं होतं त्यांना, जमलं नाही." वर घरात तो शीळ घालायला लागला. बायको त्याच्या आईला हळूच म्हणाली, "यांना शीळ येते, हे मला लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर कळतंय." आई हसली नाही.

लाल रेक्झिन मिळालं तेव्हा त्याने भीतभीतच विचारलं, "शिवशील?"

"नाही," आई म्हणाली. चार दिवसांनी ती खाली आली, सीटांची मापं घेतली आणि कागद कापायला बसली. मोठ्या सीटा तिने तीन आठवड्यांत संपवल्या. मग लहान सीटची गादी घेतली. ती काही केल्या तिच्या मनासारखी होईना. एवढीशी वीतभर गादी, पण तिने ती तीनदा उसवली. शेवटी कडेने पांढरा गोट लावून, कोपरे गोल करून तिने ती खाली आणून दिली. मिस्त्रीने ती लाकडावर बसवली, सीट भोकांवर ठेवली आणि चार बोल्ट आवळले.

"त्या चष्मेवालीला बोलवावं म्हणतो," तो म्हणाला. "झालेली गाडी बघू दे."

"कशाला? पोचवायचं काम होतं, पोचवली तिने."

"तिचाही बापच होता ना."

"चार तासांचा प्रवास आहे. तिला कामधंदा नाही का? फोटो पाठव."

तिने दोनदा टाळून पाहिलं. पण मिस्त्रीच्या मनाने घेतलं होतं. खरं तर त्याला ती सीट त्या बाईला दाखवायची होती. तुझ्या आईने नको म्हटलं, पण बघ, माझी जागा केलेली होती, हे न बोलता दाखवायचं होतं.

चष्मेवाली रविवारी सकाळच्या बसने आली. गाडी गॅरेजच्या मधोमध उभी होती, गडद हिरवी, आत लालभडक. ती दारातच थांबली आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग जवळ येऊन तिने आतली दोरी ओढून दार उघडलं, अगदी सवयीने, आणि आत वाकली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "माझी सीट!"

मिस्त्रीच्या हातात फडकं होतं. तो पुसायचा थांबला.

"ही कुठे सापडली? मला वाटलं फेकली कधीच." ती हसत होती, डोळे पुसत होती. "मी चार वर्षांची असताना केली बाबांनी. ड्रिलच्या आवाजाला घाबरून मी ओट्याखाली लपले होते. आई ओरडत होती, एवढ्या चांगल्या गाडीला भोकं कसली पाडताय! तर बाबा म्हणाले, पोरगी काय डिकीत बसवू? सात वर्षांची होईपर्यंत मी इथेच बसायचे. ही गादी अशी नव्हती, साधी होती. ही कोणी केली? किती सुंदर..."

ती वळली आणि तिला मिस्त्रीचा चेहरा दिसला. तिचं हसू थांबलं. काय चुकलं ते तिला कळेना. तिने म्हातारीकडे पाहिलं. आई स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"तुम्ही," चष्मेवाली हळू म्हणाली, "तुम्हाला वाटलं..." आणि पुढचं जे बोलायला नको होतं, ते ती बोलली नाही.

"चहा घ्या," मिस्त्री म्हणाला. "बायको वर आहे. चहा घेऊन जा."

तो शटरखालून वाकून बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत चालत गेला, तिथे काही काम नसताना. परत आला तेव्हा ती निघून गेली होती. आई तिथेच होती.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"होतं."

"कधीपासून?"

"तो गालिचा हातात घेतला तेव्हापासून. गालिचा मी कापला होता रे. त्या रविवारी सकाळी मीच बसवला, तेव्हा अखंड होता. सोमवारी तो गेला. भोकं पाडायला वेळ कधी मिळणार? आणि मी असते तर कडा दुमडून शिवल्या असत्या. त्या कोणीतरी सुरीने उकरल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"चव्वेचाळीस वर्षांत तू पहिल्यांदा अण्णा म्हणालास." आईचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "तोंड बघायला हवं होतंस तुझं. मला वाटलं, राहू दे. कोणाचं काय जातंय? चुकलं असेल."

"आणि गादी? त्या पोरीच्या सीटची गादी तू शिवलीस. माहीत असून."

"तिच्यासाठी नाही शिवली."

"मग?"

आईने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "त्याला सगळे बोलतात. मीही मनात बोलत आले. पण तीन वर्षं मी त्या गाडीचं शिवण केलं. दोन सीटा शिवल्या. टप शिवलं. पोरगा कुठे बसेल, हे मला तरी कुठे सुचलं? माझ्या मनातसुद्धा ती दोघांचीच गाडी होती. तो आणि मी. आता त्या फळीवर हात ठेवल्यावर सुचलं, तर शिवली. तीनदा उसवली, ते काय डोळ्यांमुळे?"

मिस्त्रीने तिचं स्टूल जवळ ओढलं आणि तिच्या पायाशी बसला. किती वर्षांत तो असा बसला नव्हता. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, तिला ते कधी जमलंच नाही. तिने त्याच्या खांद्यावरचा रंगाचा पोपडा नखाने खरवडून काढला. मग तो रडला. आवाज न करता, तोंड फडक्यात खुपसून, इंजिन ऑइलचा वास घेत.

तीन आठवडे गाडी ताडपत्रीखाली होती. शीळ थांबली.  बायको रोज जेवताना त्याच्या ताटात थोडं जास्त वाढायची आणि तो ते तसंच ठेवायचा. चौथ्या आठवड्यात त्याने ताडपत्री काढली, चार बोल्ट सोडवले, सीट जुन्या चादरीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली. भोकांना रबरी बुचं लावली.

"येतेस का बरोबर?" त्याने आईला विचारलं. "मोकळ्या हवेत फिरून येशील."

"नको. शिवलंय तेवढं पुरे. आणि तू त्या पोरीशी नीट बोल. तिने काही केलेलं नाही."

चार तासांच्या रस्त्याला त्याला साडेपाच तास लागले. गाडी उत्तम चालत होती. तोच मधेमधे थांबत होता. चष्म्याचं दुकान एका बँकेच्या शेजारी होतं. काचेतून त्याला ती दिसली, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना, त्याच्या कानामागची काडी हलक्या हाताने वाकवताना. गिऱ्हाईक जाईपर्यंत तो बाहेर उभा राहिला. तिने वर पाहिलं आणि तशीच बाहेर आली, पांढरा कोट अंगावर, गळ्यातल्या दोरीला छोटी फूटपट्टी लोंबत.

"तुमची वस्तू," मिस्त्री म्हणाला आणि चादरीतलं गाठोडं पुढे केलं.

तिने गाठोडं घेतलं. लहान पोर घ्यावं तसं दोन्ही हातांनी. "मला खरंच माहीत नव्हतं, दादा," ती म्हणाली. "शेवटच्या महिन्यात म्हणाले, गाडी मुलाकडे पोचव. मी म्हटलं, कोणता मुलगा? तेव्हा पत्ता सांगितला. बाकी काही नाही."

'दादा' ऐकून मिस्त्रीला काय करावं सुचेना. त्याने खिशातून किल्ली काढली, परत ठेवली, परत काढली.

"बस," तो म्हणाला. "एक फेरी मारू. दुकानात आहे ना कोणी?"

गाव लहान होतं. दहा मिनिटांत ते बाहेर आले, दोन्ही बाजूंना शेतं, मधून सरळ डांबरी रस्ता. गाठोडं तिच्या मांडीवर होतं.  मग तिने एका शाळेकडे बोट दाखवलं. बाबा रोज सोडायला यायचे, फाटकातून ती आत जाईपर्यंत इंजिन बंद करायचे नाहीत. मग एक पूल आला. इथे ते थांबून मासे बघायचे. ती परीक्षेत नापास झाली, तेव्हा बाबांनी तिला घरी न नेता इथेच बसवून संत्रं सोलून दिलं होतं. संत्र्याची साल त्यांना अखंड काढता यायची.

मिस्त्री ऐकत होता. असा बाप त्याने कधी पाहिला नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कधी गप्प बसायचे का ते? एकटेच? कारण नसताना?"

त्याला काय हवंय ते तिला कळलं. तिने खरोखर आठवून पाहिलं. पूल मागे पडला, एक वीटभट्टी गेली, दोन वळणं गेली, तरी ती आठवतच होती. 

"नाही," ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खोटं कसं सांगू, दादा? आनंदात असायचे."

मिस्त्रीने मान हलवली. समोर बघत, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, तो बराच वेळ नुसती मान हलवत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "मग सांग. पहिल्यापासून सांग."

ती सांगू लागली. गाडीला टप लावलेलं नव्हतं आणि वाऱ्याने तिचे शब्द उडून जात होते, म्हणून मिस्त्रीने वेग कमी केला. अजून कमी केला. मागून आलेल्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग चिडून पुन्हा वाजवला. मिस्त्रीने एक हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जायची खूण केली.